लकी लुचानो

लुचानो, लकी : (२४ नोव्हेंबर १८९७ – २६ जानेवारी १९६२). अमेरिकेतील इटालियन टोळ्यांची नवी घडी बसवणारा टोळीप्रमुख. मूळ नाव साल्वातोरे लुकानिया. जन्म सिसिलीत, गंधकाच्या खाणींसाठी ओळखल्या जाणाऱ्या लेर्कारा फ्रिद्दी या गावी. तो लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्कला आले आणि लोअर ईस्ट साइड या दाटीवाटीच्या वस्तीत राहू लागले. १९१६ मध्ये हेरॉइन विकताना पकडला जाऊन त्याने पहिला तुरुंगवास भोगला.

१९२० च्या दारूबंदीने हातभट्टी आणि तस्करीला सोन्याचा भाव आला. मायर लान्स्की या ज्यू मित्राशी लुचानोची भागीदारी जमली ती आयुष्यभराची. सिसिलीबाहेरच्या माणसाशी धंदा करणे जुन्या प्रमुखांना पटत नसे. या बुजुर्गांना तरुण मंडळी ‘मिशाळ पीट’ म्हणून हिणवत. १९२९ मध्ये काही जणांनी लुचानोला पळवून नेले, बेदम मारले आणि स्टेटन आयलंडवर टाकून दिले. तो वाचला, पण उजवी पापणी कायमची खाली ओघळली. ‘लकी’ हे नाव त्यावरून पडल्याचे सांगतात. अर्थात या टोपणनावाच्या इतरही कथा आहेत.

जो मासेरिया आणि साल्वातोरे मारान्झानो यांच्यातील टोळीयुद्धात तो मासेरियाच्या बाजूने होता. १५ एप्रिल १९३१ ला कोनी आयलंडच्या एका खाणावळीत मासेरियाला गोळ्या घातल्या गेल्या. हा बेत लुचानोच्या संमतीने झाला होता. १० सप्टेंबरला मारान्झानोही गेला. मारेकरी सरकारी अधिकारी बनून थेट त्याच्या कचेरीत शिरले होते.

आता ‘सर्व प्रमुखांचा प्रमुख’ हे पद लुचानोला सहज घेता आले असते. त्याने ते पदच मोडीत काढले. न्यूयॉर्कची पाच घराणी आणि शिकागो, बफेलो येथील प्रमुख यांचे ‘कमिशन’ नेमले. हद्दीचे तंटे तिथे मिटत, आणि कमिशनच्या परवानगीशिवाय कोणत्याही प्रमुखाचा खून करायचा नाही, असा दंडक ठरला. त्याची खरी करामत ही. पिस्तूल तर सगळ्यांकडेच होते.

वॉल्डॉर्फ हॉटेलात ‘चार्ल्स रॉस’ या नावाने थाटात राहणाऱ्या लुचानोला अडकवले ते कुंटणखान्यांनी. तिथल्या कमाईचा माग टोळीपर्यंत जातो हे युनिस कार्टर या कृष्णवर्णीय महिला वकिलाने हेरले. तिचे वरिष्ठ टॉमस ड्यूई यांनी खटला चालवला. वेश्यांच्या साक्षी निर्णायक ठरल्या आणि १९३६ मध्ये त्याला ३० ते ५० वर्षांची शिक्षा झाली.

फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्क बंदरात ‘नॉर्मंडी’ जहाज जळाले. घातपाताच्या शंकेने धास्तावलेल्या नौदलाने गोदीवर वचक असलेल्या टोळ्यांची, पर्यायाने तुरुंगातील लुचानोची मदत घेतली. सिसिलीवरील चढाईतही तो निर्णायक ठरला, ही मात्र फुगवलेली गोष्ट. १९४६ मध्ये त्याची शिक्षा कमी केली ती गव्हर्नर ड्यूई यांनीच, पण इटलीला हद्दपार होण्याच्या अटीवर. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने हवानात टोळीप्रमुखांना जमवले. अमेरिकेच्या दबावामुळे क्यूबानेही त्याला हाकलले.

नेपल्सच्या विमानतळावर एका अमेरिकन चित्रपट निर्मात्याला भेटायला गेला असता हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला. जिवंतपणी बंद असलेली अमेरिका मृतदेहाला खुली झाली. त्याची टोळी आज नंतरचा प्रमुख व्हीटो जेनोव्हेसे याच्या नावाने ओळखली जाते, आणि क्वीन्समधील सेंट जॉन दफनभूमीत त्याच्या कबरीवर कोरलेले नाव आहे लुकानिया.