वायरलेस कॅमेऱ्याची बॅटरी लवकर का उतरते?

दाराबाहेर बॅटरीवर चालणारा कॅमेरा लावताना खोक्यावर 'एका चार्जमध्ये सहा महिने' असं काहीतरी वाचलेलं असतं. तीन आठवडे होत नाहीत तोच ॲपमध्ये बॅटरी लाल झालेली दिसते. पुन्हा स्टूल घ्या, कॅमेरा उतरवा, रात्रभर चार्जिंगला लावा. दोन-चार वेळा असं झालं की घरातलं कोणीतरी म्हणतंच, 'बॅटरी डुप्लिकेट निघाली.' बहुतेक वेळा बॅटरी धडधाकट असते. खोक्यावरचा आकडा दिवसाला मोजकी मिनिटं रेकॉर्डिंग होईल असं धरून काढलेला असतो, आणि परळच्या चाळीची गॅलरी किंवा एका मजल्यावर दहा दारं असलेला पॅसेज त्या हिशेबात बसत नाही.

हा कॅमेरा जवळजवळ दिवसभर झोपलेला असतो. जागा असतो तो फक्त पुढच्या पांढरट, अर्धगोल टोपीमागचा, हालचाल ओळखणारा पीआयआर (पॅसिव्ह इन्फ्रारेड) सेन्सर. आपल्या अंगातून सतत उष्णता बाहेर पडते, ती मुख्यतः ९ ते १० मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांच्या रूपात. सेन्सरमध्ये या किरणांना प्रतिसाद देणारे दोन तुकडे एकमेकांच्या विरुद्ध जोडलेले असतात. दोघांवर सारखीच उष्णता पडली तर त्यांचे संदेश एकमेकांना रद्द करतात. माणूस समोरून आडवा गेला की आधी एका तुकड्यावर उष्णता पडते, मग दुसऱ्यावर, आणि त्या फरकाने कॅमेरा जागा होतो. सेन्सरला स्वतःला नाममात्र वीज लागते. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो: प्रोसेसर चालू, चित्रण चालू, व्हिडिओ आटोपशीर करायचा आणि वायफायवरून पाठवायचा.

हा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा कॅमेऱ्यात २६०० मिलिअँपिअर-तासांचे दोन १८६५० सेल आहेत. १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबीचे हे गोल सेल पॉवर बँकेतही असतात. दोघांत मिळून साधारण १९ वॉट-तास ऊर्जा साठते. झोपेत कॅमेरा ५ मिलिवॉट घेतो आणि जागेपणी दीड वॉट, असं धरू. नुसत्या झोपेला दिवसाला ०.१२ वॉट-तास लागतात. दिवसाला २० सेकंदांच्या १० क्लिप झाल्या तर त्यात आणखी ०.०८ ची भर पडते. म्हणजे बॅटरी तीन महिने पुरली. आता क्लिप २०० करा. जागेपणाचा वेळ तासाच्या वर जातो, रोजचा खर्च १.८ वॉट-तासांच्या घरात पोहोचतो आणि तीच बॅटरी अकराव्या दिवशी मान टाकते.

दोनशे हा आकडा फुगवलेला नाही. दूधवाला, पेपरवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, शाळेला निघालेली पोरं, इस्त्रीवाला, दिवसभर येणारे डिलिव्हरीवाले, आणि दहा घरांतला प्रत्येक माणूस जाताना एकदा, येताना एकदा. दाराच्या वर बसवून सरळ समोर पाहणाऱ्या कॅमेऱ्यापुढून ही सगळी मंडळी आडवीच जातात, आणि आडवी हालचाल टिपण्यातच पीआयआर सर्वांत तरबेज असतो.

म्हणून पहिलं काम म्हणजे ॲपमधली क्लिपची यादी एक पूर्ण दिवस नीट पाहणं. सेटिंग नंतर. माहीमला मावशीकडे बसून ही यादी पाहिली तेव्हा दुपारच्या क्लिपांमध्ये माणूसच नव्हता. गॅलरीच्या दोरीवर वाळत घातलेली चादर उन्हाने तापली होती आणि वाऱ्यावर हलत होती. सेन्सरच्या दृष्टीने तीही सरकणारी उष्णताच. एसीच्या आउटडोअर युनिटची गरम हवा समोरून जात असेल तरीही असंच होतं. दोरी दुसरीकडे हलवली आणि दुपारचे अलर्ट बंद झाले.

ॲपमधल्या 'ॲक्टिव्हिटी झोन'वर लोकांची मोठी भिस्त असते. पडद्यावर आपल्या दारापुरता चौकोन आखला की काम झालं, असं वाटतं. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत चौकोनाच्या आत काही हललं का, ही तपासणी कॅमेरा जागा झाल्यानंतर होते. अलर्ट कमी येतात, बॅटरी मात्र तितकीच जळत राहते. खरी बचत सेन्सरची संवेदनशीलता किंवा पल्ला कमी केल्याने होते. कॅमेरा थोडा तिरका करून आपल्या पायपुसण्याकडे झुकवला तर आणखी फरक पडतो. शेजाऱ्यांच्या दाराकडचा सेन्सरच्या टोपीचा भाग काळ्या इलेक्ट्रिकल टेपने झाकला, तर त्या बाजूने कॅमेरा उठतच नाही. मला हा उपाय सर्वांत आवडतो, कारण शेजाऱ्यांच्या येण्याजाण्यावर पाळत ठेवणं यानिमित्ताने थांबतं. क्लिप ६० ऐवजी १५ सेकंदांची ठेवा. दोन क्लिपांमधलं अंतर वाढवा. ऑफिसातून उठसूट लाइव्ह पाहण्याची सवय घरात चौघांना असेल तर तो खर्चही याच बॅटरीतून जातो. पॅसेजमधली ट्यूबलाइट रात्रभर चालू असेल तर नाइट व्हिजनचे इन्फ्रारेड दिवे बंद ठेवता येतात.

आता वायफाय. मुंबईच्या घरांत याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी, कॅमेरा दाराबाहेर, मध्ये आरसीसीची भिंत, लाकडी दार आणि लोखंडी सेफ्टी डोअर. सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात. उणे ५० उत्तम, उणे ७० च्या खाली कठीण. दर १० डीबीला ताकद दहापटीने घटते, म्हणजे उणे ४५ वरून उणे ७५ वर आलात तर हाती हजारावा भाग उरला. एवढ्या क्षीण सिग्नलवर कॅमेरा वेग कमी करतो आणि हरवलेले माहितीचे तुकडे पुन्हा पुन्हा पाठवतो; लोकलच्या खडखडाटात फोनवर एकच वाक्य तीनदा सांगावं लागतं तसं. क्लिप १५ सेकंदांचीच असते, पण रेडिओ कितीतरी जास्त वेळ चालू राहतो.

सिग्नल मोजताना दोन्ही दारं लावून बाहेर उभं राहा. बहुतेक जण दार उघडं ठेवून मोजतात आणि सगळं ठीक दिसतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे ५ गिगाहर्ट्झपेक्षा चांगली पोहोचते, पण तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीतले सगळे राउटर त्यांतच दाटीवाटीने बसतात. फोनवरच्या वायफाय तपासणाऱ्या ॲपने त्यातला मोकळा चॅनेल शोधा, आणि जमलं तर राउटरच दाराच्या दिशेने सरकवा.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी निघताना आपण मेन स्विच बंद करतो. राउटरही बंद होतो. कॅमेरा मात्र नेटवर्क शोधत राहतो, मिळालं नाही की थोड्या वेळाने पुन्हा शोधतो, आणि घर रिकामं असताना, म्हणजे ज्या दिवसांसाठी तो आणला त्याच दिवसांत, बॅटरी संपवून बसतो. शिवाय राउटर बंद असताना अलर्टही येणार नाही. गावी जाताना राउटरपुरता वेगळा स्विच चालू ठेवावा.

सोलर पॅनेल लावणाऱ्यांनी आपल्या शहरावरचं आकाश लक्षात घ्यावं. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे, क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो आणि दक्षिणेच्या ग्रिलला उभं बांधलेलं पॅनेल न्हाऊन निघतं. मुंबईत शून्य सावलीचा दिवस, म्हणजे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो दिवस, मेच्या मध्यात येतो, दुसरा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या दरम्यान दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. वर छज्जा असेल तर त्याच पॅनेलवर थेट ऊन पडतच नाही, आणि जूनपासून ढगही असतात. हिवाळ्यात उत्तम चाललेलं पॅनेल पावसाळ्यात निकामी वाटतं ते यामुळे. ते बिघडलेलं नसतं. पॅनेल छज्ज्याबाहेर, आकाशाकडे तोंड करून लावावं, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा हाताने चार्ज करायची तयारी ठेवावी.

उष्णतेचं गणित वेगळं आहे. लिथियम-आयन सेल उन्हात तापला म्हणून आजचा चार्ज फारसा कमी होत नाही, पण सेलचं आयुष्य घटतं. आत ऋण इलेक्ट्रोडवर एक पातळ थर जमत जातो, तो कामाचं लिथियम गिळतो, आणि तापमान वाढलं की ही क्रिया वेग घेते. ढोबळ नियम असा की दर १० अंशांना वेग साधारण दुप्पट. पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्याचं ऊन थेट झेलणारा काळा कॅमेरा वर्षभरातच म्हातारा होऊ शकतो. वर छोटीशी पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची झडप लावा. समुद्राजवळ राहत असाल तर चार्जिंगच्या पोर्टवरचं रबरी झाकण घट्ट बसतंय का, तेही पाहा. खारट दमट हवेने संपर्काच्या पट्ट्या गंजतात आणि चार्ज पूर्ण भरतच नाही.

सेल खरोखरच संपलाय का, हे घरीच कळतं. कॅमेरा पूर्ण चार्ज करून आतल्या खोलीत, राउटरजवळ, भिंतीकडे तोंड करून आठवडाभर ठेवा. तिथे चार-पाच टक्केच उतरले तर सेल चांगला आहे, दोष बाहेरच्या जागेचा. तिथेही झपाट्याने उतरला, किंवा ३० टक्के दाखवता दाखवता एकदम बंद पडला, तर सेल थकला. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. रेडिओने एकदम जास्त प्रवाह ओढला की व्होल्टेज कोसळतं आणि कॅमेरा बंद होतो. अशा वेळी नवा सेल घ्यावा. जुना फुगलेला असेल तर तो पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबला गेला तर तो पेट घेऊ शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तो कुठे जमा करायचा ते विचारा.