डॉसन सिटी : क्रीडा व करमणुकीचे अभिलेख

कॅनडाच्या वायव्य कोपऱ्यातील यूकॉन प्रदेशात डॉसन सिटी हे सोनेखाणींचे गाव आहे. तिथे १८९८ पासून झालेले सामने, शर्यती, मुष्टियुद्धे, नाटके आणि चित्रपटांचे खेळ यांविषयी जे कागद, छायाचित्रे, फिल्म आणि मौखिक ठेवा उरला, त्याचा विचार या नोंदीत केला आहे. उत्तरेकडच्या इतर खाणगावांप्रमाणे इथेही खेळाच्या नोंदी ‘खेळ’ या शीर्षकाखाली क्वचितच सापडतात. त्या बँकेच्या, पोलिसांच्या आणि कंपनीच्या दप्तरांत असतात, वर्तमानपत्रांच्या कोपऱ्यांत असतात. एक मोठा साठा तर चक्क जमिनीखाली होता.

गाव आणि दप्तरांची फाटाफूट : क्लोंडाइक नदीच्या खोऱ्यात ऑगस्ट १८९६ मध्ये सोने सापडले आणि दोन वर्षांत क्लोंडाइक व यूकॉन नद्यांच्या संगमावर हजारो माणसांचे गाव उभे राहिले. १९०१ च्या जनगणनेत डॉसनची लोकसंख्या ९,१४२ होती. १९११ मध्ये ती ३,०१३ वर आली. एकेकट्या खाणकऱ्यांची जागा मोठ्या कंपन्यांच्या ड्रेजनी, म्हणजे नदीपात्र उपसणाऱ्या तरंगत्या यंत्रांनी घेतली, आणि माणसे निघून गेली. १९५३ मध्ये प्रदेशाची राजधानीही व्हाइटहॉर्सला हलली. या ओहोटीचा परिणाम अभिलेखांवर थेट झाला. संघ मोडला की त्याचे चिटणीस हिशेबाची वही घेऊन दक्षिणेला जात, नाहीतर ती शेगडीत जाई. लाकडी इमारतींच्या या गावात आगीही वारंवार लागत. त्यामुळे क्लबांची स्वतःची दप्तरे तुटक आहेत. ज्या संस्थांना वरिष्ठांकडे अहवाल पाठवावे लागत, त्यांची मात्र बरी टिकली, कारण त्यांची एक प्रत नेहमी गावाबाहेर असे.

वायव्य घोडेस्वार पोलिसांचे (नॉर्थ-वेस्ट माउंटेड पोलिस) अहवाल हे याचे चांगले उदाहरण. शनिवारी मध्यरात्री जुगारघरे व नृत्यगृहे बंद करण्याचा नियम डॉसनमध्ये काटेकोर पाळला जाई. त्यामुळे कोणत्या दिवशी कसली करमणूक चाले, हे परवाने, दंड आणि तक्रारी यांतून कळते. सरकारी सेवकांच्या कामाच्या नोंदीही अशाच उपयोगी पडतात. वेल्डी यंग हा पूर्वी ओटावाकडून खेळलेला अनुभवी हॉकीपटू डिसेंबर १९०४ च्या संघीय निवडणुकीच्या कामात अडकला, ओटावाला खेळायला जाणाऱ्या डॉसनच्या संघाबरोबर निघू शकला नाही आणि सामन्यांना पोहोचलाच नाही. हे कारण सामन्याच्या गुणपत्रकात कधीच दिसणार नाही.

१९०५ ची आव्हान मालिका : डॉसनच्या क्रीडा-इतिहासात सर्वाधिक नोंदी या एका प्रवासाच्या आहेत. खाण-उद्योजक जो बॉइल यांच्या पुढाकाराने डॉसनच्या संघाने आइस हॉकीच्या स्टॅन्ली चषकासाठी ओटावाला आव्हान दिले. त्या काळी चषकधारकाला आव्हान देण्याची पद्धत होती आणि चषकाचे विश्वस्त ते मान्य करीत. खेळाडू डिसेंबर १९०४ च्या तिसऱ्या आठवड्यात निघाले. काही कुत्र्यांच्या घसरगाडीने, तर काही सायकलवर. व्हाइटहॉर्सपर्यंतचे अंतर सुमारे ५३० किलोमीटर होते. मध्येच हवा उबदार होऊन वाट वितळली, सायकली निरुपयोगी ठरल्या आणि बराच पल्ला पायी तोडावा लागला. पुढे हिमामुळे आगगाडी अडली, अलास्कातील स्कॅग्वे बंदरात आगबोट चुकली. संघ ओटावाला पोहोचला तो सामन्याच्या अगदी तोंडावर. १३ जानेवारीचा सामना त्यांनी ९–२ असा गमावला, तर १६ जानेवारीचा २३–२ असा. दुसऱ्या सामन्यात फ्रँक मॅकगी याने एकट्याने १४ गोल केले.

या मालिकेचे अभिलेख वाचताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, निघण्याची तारीख १८ की १९ डिसेंबर हा वाद नाहीच. संघ दोन तुकड्यांत निघाला होता. दोन, संघाचे नाव एकसारखे छापलेले नाही, म्हणून डॉसन, क्लोंडाइक आणि यूकॉन या तिन्ही शब्दांनी शोध घ्यावा. तीन, ओटावाची वृत्तपत्रे यजमानांची होती आणि डॉसनची वृत्तपत्रे तारेवर आलेल्या मजकुरावर अवलंबून होती. तारेला शब्दागणिक पैसे पडत, त्यामुळे गोल कोणी केले हे येई, कसे झाले हे गळून जाई. डॉसनच्या बातमीतला मौन हा पराभवाचा संकोच मानण्यापूर्वी तारेचा खर्च आठवावा.

तरणतलावातील फिल्म : डॉसन अॅमेच्युअर अॅथलेटिक असोसिएशन, संक्षेपाने डी.ए.ए.ए., ही गावातील मुख्य क्रीडासंस्था. विसाव्या शतकाच्या आरंभी तिने उभारलेल्या संकुलात बंदिस्त हॉकी रिंक (बर्फाचे मैदान) आणि तरणतलाव होता. पुढे तिथे चित्रपटही दाखवले जाऊ लागले. तलाव उन्हाळ्यात वापरत. हिवाळ्यात त्यावरच बर्फाचा थर धरून रिंक करीत. अडचण अशी की तलावावरचे बर्फ आणि जमिनीवरचे बर्फ सारखे गोठत नसे. रिंकच्या मधोमध पृष्ठभाग उंचसखल होई आणि खेळ बिघडे.

दुसरी अडचण चित्रपटांची होती. डॉसन हे वितरणाच्या साखळीतले शेवटचे ठिकाण. फिल्म तिथे दोन-तीन वर्षे उशिरा पोहोचे आणि परतीचा खर्च तिच्या किमतीहून जास्त वाटे, म्हणून वितरक ती परत मागत नसत. स्थानिक बँकेच्या ताब्यात रिळांचा ढीग साचत गेला आणि तो कार्नेगी ग्रंथालयाच्या इमारतीत ठेवला जाई. बरीच रिळे जाळली गेली, बरीच यूकॉन नदीत टाकली गेली. १९२९ मध्ये बँकेत नोकरीला असलेले आणि हॉकी संघटनेचे खजिनदारपद सांभाळणारे क्लिफर्ड थॉमसन यांनी दोन्ही प्रश्न एकदम सोडवले : तलाव रिळांनी भरला, वर फळ्या व माती टाकली आणि त्यावर सपाट रिंक केली. पुढे डी.ए.ए.ए.ची इमारत जळाली. तलावातली ती झटकन पेट घेणारी नायट्रेट फिल्म इमारतीत असती तर एकही फूट उरले नसते. गोठलेल्या जमिनीखाली होती म्हणून वाचली.

१९७८ मध्ये नव्या करमणूक केंद्रासाठी खोदकाम चालू असताना यंत्राच्या फावड्याला रिळे लागली. डॉसनच्या संग्रहालयाने, पार्क्स कॅनडाने आणि ओटावाच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मिळून ५३३ रिळे बाहेर काढली. त्यांत ३७२ चित्रपट व वार्तापट होते. नेहमीच्या वाहतूकदारांनी असा ज्वालाग्राही माल नेण्यास नकार दिल्यामुळे तो लष्करी विमानाने हलवण्यात आला. साठा पुढे कॅनडा आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थांत विभागला गेला. त्यात १९१९ च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजचा वार्तापट होता. शिकागोच्या खेळाडूंनी पैसे घेऊन सामने गमावल्यामुळे कुप्रसिद्ध झालेली ती मालिका. रीळ १९७८ पासून संग्रहात होते, पण त्यातील या दृश्यांकडे क्रीडा-अभ्यासकांचे लक्ष गेले २०१४ मध्ये. रीळ वाचणे आणि रिळात काय आहे हे यादीत नोंदवणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे राहिले तर पहिल्याचा उपयोग निम्माच.

नायट्रेट फिल्म हाताळताना : १९५० च्या सुमारापर्यंत ३५ मिलिमीटर फिल्मचा पाया सेल्युलोज नायट्रेटचा असे. ती पेटली की ज्वलनासाठी लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवते, म्हणून पाणी किंवा वाळूने विझत नाही आणि तिचा धूर विषारी असतो. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्याला लागलेल्या आगीत भारतीय मूकपटांच्या काळातला मौल्यवान ठेवा गेला, तो याच गुणधर्मामुळे. बिघाड पायऱ्यांनी होतो : आधी चित्र पिवळसर-तपकिरी होऊन फिके पडते, मग चित्र धरणारा जिलेटीनचा थर चिकट होतो, पुढे फेस आल्यासारखे फुगे दिसतात, रीळ घट्ट गोळा बनते आणि शेवटी तपकिरी भुकटी उरते. पहिल्या दोन अवस्थांत प्रत काढता येते. तिसऱ्या अवस्थेत काही तुकडेच हाती लागतात. सुटणारी आम्ले शेजारच्या डब्यांनाही बिघडवतात, म्हणून बिघडलेले रीळ ताबडतोब वेगळे करतात.

डॉसनच्या रिळांचे दुखणे थोडे निराळे होते. थंडीने रासायनिक बिघाड रोखला, पण वितळताना पाणी गुंडाळीच्या कडांतून आत शिरले आणि कडांजवळचे जिलेटीन विरघळले. म्हणूनच या साठ्यातील चित्रांच्या बाजूंना पांढऱ्या लाटा हलताना दिसतात. जमिनीतून काढलेले रीळ उन्हात वाळवायला ठेवणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. ते थंडच ठेवून सावकाश उघडावे लागते. फिल्म आकसली आहे का, हे तिच्या कडेवरील शंभर छिद्रांचे अंतर मोजून पाहतात. आकसण एक टक्क्याच्या पुढे गेली की नेहमीच्या यंत्राच्या दात्यांवर छिद्रे फाटू लागतात आणि खास यंत्र लागते. हजार फुटांचे रीळ सेकंदाला १६ चौकटी या गतीने सुमारे साडेसोळा मिनिटे चालते. यादीतील लांबी व कालावधी जुळतात का, हे यावरून तपासावे.

तारीख ठरवताना फिल्मच्या कडेवरील खुणा पाहतात. कोडॅकने १९१६ पासून वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशी वार्षिक चिन्हे वापरली, पण ती वीस वर्षांनी पुन्हा येतात. शिवाय त्यांवरून कच्ची फिल्म कधी बनली हे कळते, सामना कधी झाला हे नाही.

छायाचित्रे : डॉसनमधील छायाचित्रकार काचेच्या निगेटिव्हवर क्रमांक व ओळ लिहीत. तीच निगेटिव्ह पुढे दुसऱ्याच्या हाती गेली की नाव खरडून नवे लिहिले जाई, म्हणून प्रतीवरील नावापेक्षा क्रमांकाची मालिका जास्त विश्वासार्ह. ‘मध्यरात्रीच्या उन्हातील बेसबॉल’ अशी ओळ असेल तर सावल्या पाहाव्यात. डॉसन आर्क्टिक वृत्ताच्या दक्षिणेला सुमारे २८० किलोमीटरवर आहे. जूनमध्ये तिथे रात्रभर उजेड असतो, पण सूर्य क्षितिजाखाली जातोच. आखूड, ठळक सावल्यांचे चित्र दुपारचेच. संघाच्या चित्रात नावे डावीकडून लिहिलेली असतात हे गृहीत धरू नये. निगेटिव्ह उलटी छापली गेली असेल तर क्रमही उलटतो. अंगावरील अक्षरे आणि सदऱ्याची गुंडी कोणत्या बाजूला आहे, हे पाहून खात्री करावी.

कुठे शोधावे : व्हाइटहॉर्सचे यूकॉन अभिलेखागार १९७२ मध्ये सुरू झाले. त्याआधीचे बरेच सरकारी कागद ओटावात आहेत, म्हणून दोन्हीकडे पाहावे लागते. ‘डॉसन डेली न्यूज’ १८९९ ते १९५४ अशी दीर्घकाळ चालली आणि मायक्रोफिल्मवर उपलब्ध आहे. यंत्राने अक्षरे वाचून केलेल्या शोधात खेळाडूंची आडनावे हमखास चुकतात. त्यापेक्षा २४ मे, १ जुलै, ४ जुलै आणि १७ ऑगस्ट या तारखांच्या नंतरचे अंक पानोपानी चाळावेत. राणीचा वाढदिवस, कॅनडा व अमेरिकेचे राष्ट्रीय दिन आणि सोन्याच्या शोधाचा दिवस हे गावाच्या शर्यतींचे व मैदानी खेळांचे दिवस होते.

मौखिक ठेवा : या कागदांत ट्रॉन्डेक ह्वेचिन हे मूळ रहिवासी जवळजवळ दिसत नाहीत, आणि दिसतात तेव्हा परक्यांच्या नजरेतून. गोल्ड रशच्या, म्हणजे सोन्यासाठी लोटलेल्या गर्दीच्या, रेट्यात त्यांना संगमावरची जागा सोडून नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइड येथे जावे लागले. त्यांचे प्रमुख आयझॅक यांनी आपली गाणी, नृत्ये आणि नृत्याची काठी अलास्कातील नातलग समाजाकडे सांभाळायला दिली, कारण इथे ती टिकणार नाहीत हे त्यांनी ओळखले होते. अभिलेख गावाबाहेर ठेवण्याचा हा सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय म्हणावा लागेल. ती गाणी पुढच्या पिढ्यांनी अलास्कातून पुन्हा शिकून आणली. मूसहाइड येथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या मेळाव्यात ती आता गायली जातात.