कल्पित मावळ्याचं आजोळ : लढवय्यांच्या बालपणाच्या गोष्टी आल्या कुठून?

मराठी ऐतिहासिक कादंबरी, नाटक किंवा मालिका यांतला कल्पित लढवय्या घ्या, त्याचं बालपण बहुतेक वेळा ठरलेलं असतं. बापाचा घात होतो. आई तान्ह्या पोराला घेऊन रातोरात निघते, किंवा एखादा इमानी गडी पोराला पाठीशी बांधून डोंगर उतरतो. पोर मामाकडे वाढतं, तलवार शिकतं आणि मिसरूड फुटल्यावर परत येतं. हा साचा सिनेमाने आणला असं आपण धरून चालतो. तो सिनेमाच्या कितीतरी आधीचा आहे, आणि तो जन्मला वतनाच्या भांडणात.

सतराव्या-अठराव्या शतकात पाटीलकीचा किंवा देशमुखीचा तंटा लागला की दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं लेखी द्यावं लागे. घराण्याच्या मूळपुरुषापासून आजपर्यंतची हकीकत सांगणाऱ्या कागदाला करीना म्हणत. वतन कोणी, कोणाकडून, कशाच्या मोबदल्यात मिळवलं. मग कोणाला किती मुलगे झाले. कोणत्या भावाने कोणाला मारलं. आणि एवढं होऊनही वंश कसा तुटला नाही, हे त्यात ओळीने येतं. यातला शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. वारस मेला असेल तर दावाच मेला. म्हणून करिन्यात तान्हं मूल वाचतं, आणि त्याला कोणी वाचवलं, कुठे नेलं, किती वर्षं तिथे ठेवलं हे बारकाव्याने सांगितलेलं असतं. वाचणाऱ्याला ती थरारक गोष्ट वाटते. लिहिणाऱ्यासाठी तो पुरावा असतो.

भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांचा करीना याचं ठळक उदाहरण. कान्होजी जेध्यांच्या बापाला भावांनीच मारलं आणि तान्ह्या कान्होजीला इमानी माणसाने बाहेर काढून वाचवलं, अशी हकीकत त्यात आहे. ती पूर्ण खरी असेल, अर्धी खरी असेल. पण तिच्यात मारेकरी सुलतानाचा सरदार नाही, सख्खे चुलते आहेत, हे विसरू नये. आपल्या कादंबऱ्यांनी पुढे साचा तेवढा उचलला आणि चुलत्याच्या जागी परका शत्रू बसवला. तिथे गोष्ट सोपी झाली, पण पातळही झाली.

दुसरा झरा पोवाड्यांचा. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास बखर लिहिली. तिच्यातलं कोंढाण्याचं प्रकरण आटोपशीर आहे: हजारी, म्हणजे हजार पायदळावरचा अंमलदार, तानाजी मालुसरे, निवडक पाचशे माणूस, गडाचा किल्लेदार उदेभान याच्याशी झुंज, दोघेही पडले, आणि भाऊ सूर्याजीने लोक सावरून गड घेतला. घरच्यांपैकी एवढा भाऊ येतो, तोही लढाईत उपयोगी पडला म्हणून. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात मात्र घरचं सगळं गोत येऊन बसतं. मुलगा रायबा येतो, त्याचं ठरलेलं लग्न येतं, ऐंशी वर्षांचा शेलारमामा येतो. शाहिराला हे लागतंच. समोर बसलेल्या माणसांना हजारीचा हुद्दा कळो न कळो, घरातलं लग्न मोडून निघालेला बाप कळतो. अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये पोवाड्यांचा संग्रह छापला, त्यानंतर हे घरगुती तपशील शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचले आणि इतिहास म्हणूनच स्थिरावले.

कादंबरी यानंतरची नव्हे, थोडी आधीचीच. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकात येऊ लागली. मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. तिच्यात किल्लाही कल्पित आणि माणसंही. हरि नारायण आपट्यांनी ‘उषःकाल’मध्ये त्यापुढचं पाऊल टाकलं. किल्लेदार रंगराव आप्पा विजापूरच्या मिठाला जागणारा, आणि त्याचा मुलगा नानासाहेब शिवाजीकडे ओढला जाणारा. कल्पित लढवय्याचं घराणं इथे पहिल्यांदा विचारांच्या झगड्याचं ठिकाण होतं. आता हा झगडा सतराव्या शतकातला किती आणि १८९० च्या दशकातल्या पुण्यातला किती? सरकारी चाकरीवर निष्ठा असलेला बाप आणि नव्या वाऱ्याचा मुलगा आपट्यांच्या वाचकांना घरोघर भेटत होता. आपट्यांच्या हाताशी कागदही फारसे नव्हते. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा, भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, आणि सरदेसायांनी संपादलेले पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० पासूनचे. म्हणजे आज लिहिणाऱ्याकडे आपट्यांपेक्षा कितीतरी पट साधनं आहेत. तरी बालपणं तीच ती येतात, याला सबब नाही.

कागदांत बालपण थेट सापडत नाही, हे खरं. खुद्द शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष १६२७ की १६३० यावर अनेक दशकं वाद चालला. जेध्यांच्या घरची सालवार नोंदींची यादी, म्हणजे जेधे शकावली, उजेडात आल्यावर १९ फेब्रुवारी १६३० च्या बाजूने पारडं झुकलं. मग साध्या पाइकाचा जन्म कोण लिहून ठेवणार? म्हणून कामाची पद्धत उलटी असते. आधी लढाईचं साल धरायचं, लढताना वय ठरवायचं आणि मागे मोजत जायचं.

समजा, १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाच्या पायथ्याच्या रानात आपला कल्पित मावळा अठ्ठावीस वर्षांचा आहे. जन्म १६३१, शके १५५३. हे साल ऐन दुष्काळातलं आहे. १६३० ते १६३२ या काळात दख्खन आणि गुजरात होरपळून निघाले होते. त्या सालात जन्मून जगलेलं पोर घरातलं एकटंच जगलेलं असण्याचा संभव मोठा. आधीची मुलं गेली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम हलकं नाव ठेवायची चाल आपल्याकडे होती: दगडू, धोंडू, केरू. तेव्हा या मावळ्याचं नाव धोंडजी. रणजित, विक्रम, शौर्य नव्हे. एका नावात दुष्काळ, गेलेली भावंडं आणि आईची धास्ती येते. वेगळं प्रकरण लिहावं लागत नाही.

आता बाप. तो १६०५ च्या आसपासचा धरला तर त्याची उमेद निजामशाहीत गेली. १६२४ ची भातवडीची लढाई त्याने मलिक अंबराच्या बाजूने पाहिलेली असू शकते. १६३६ ला निजामशाही बुडाली आणि पुण्याचा मुलूख आदिलशाहीत गेला, तेव्हा धोंडजी पाच वर्षांचा. म्हणजे त्याला कळायला लागल्यापासून आसपास अंमल विजापूरचा आहे. इथेच पुष्कळ लेखक घसरतात. १६४० च्या दशकात मावळातल्या गावावर मोगल फौज चालून येते आणि नायकाचा बाप मरतो, हा प्रसंग वाचायला मिळतो. त्या वर्षांत त्या खोऱ्यात माणूस मरायचा तो शेजारच्या देशमुखाशी शिवेवरून, पाण्यावरून किंवा भाऊबंदकीत.

बापाचा खून नकोच असेल तर त्याहून जबर प्रसंग कागदांत आहे. वतनाचा तंटा गोतसभेत, म्हणजे गावकरी आणि वतनदारांच्या न्यायसभेत, मिटला नाही की दिव्य करायची, म्हणजे देवाला साक्षी ठेवून अंगावर परीक्षा द्यायची पाळी येई. रवादिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हाताने काढायचा. आधी हात धुऊन, नखं काढून, पिशवी घालून मोहोर करत, म्हणजे हाताला काही औषध लावता येऊ नये. तुकडा काढल्यावर पुन्हा पिशवी, पुन्हा मोहोर, आणि तिसऱ्या दिवशी गोतासमोर हात उघडायचा. फोड दिसले तर दावा खोटा. आठ वर्षांच्या धोंडजीने ते तीन दिवस घरात काढले आहेत असं समजा. बापाचा हात पिशवीत, वर लाखेची मोहोर, आई त्याला घास भरवते आहे आणि पिशवीकडे कोणीच पाहत नाही. हात दिव्याला खरा उतरला नाही तर मिरासदाराचं, म्हणजे पिढीजात जमिनीच्या मालकाचं, घर उपरी होतं. गाव सोडायचं, परक्या गावात दुसऱ्याच्या जमिनीवर राबायचं, बैठकीत मागे बसायचं. या पोराला पुढे स्वतःचं नाव का मिळवायचं आहे, ते वाचकाला निराळं सांगावं लागत नाही.

तो लढायला शिकला कुठे, हा पुढचा प्रश्न. मावळातल्या भातखाचरांच्या घरात घोडा नसतो. मावळे मुख्यतः पायदळ. घोड्यावर वाढलेलं पोर हवं असेल तर त्याला भीमेकाठच्या, भीमथडी तट्टं पाळणाऱ्या मुलखात जन्माला घाला आणि बाप शिलेदार करा. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार स्वतःचं. बारगिराचा घोडा सरकारचा. घोडा मेला तर शिलेदाराचं घर बुडतं, बारगिराचं नाही. दोघांची पोरं घोड्याकडे एकाच नजरेने पाहणार नाहीत. मावळी पोराचं पहिलं हत्यार गोफण. माळ्यावर उभं राहून पाखरं हाकताना नेम बसतो, आणि गड चढायचे पाय गुरांमागे तयार होतात. दादोजी कोंडदेवांनी लांडगे मारणाऱ्यांना बक्षिसं लावली असं सांगतात. तेव्हा दहा-बारा वर्षांच्या धोंडजीने पहिलं रक्त माणसाचं नव्हे, लांडग्याचं पाहिलेलं असेल. तलवार एक किलोच्या आसपास असली तरी बारा वर्षांच्या मनगटाला ती घटकाभरात जड होते. त्या वयात काठी आणि फरीगदगा, म्हणजे ढाल आणि लाकडी दांडक्याचा सराव, शोभतो. घोडेस्वाराच्या पोराला भाला शिकवताना टोकाला कापडाचा गोळा बांधलेली बोथाटी देत.

चाकरीची सुरुवातही मोजून करावी. सभासद सांगतो त्या रचनेत दहा पाइकांवर एक नाईक, पन्नासांवर हवालदार, दोन-तीन हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमलेदारांवर हजारी. पागेत, म्हणजे सरकारी घोडदळात, पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांचा जुमला, दहा जुमल्यांवर हजारी. म्हणजे हजारीच्या हाताखाली प्रत्यक्षात साडेबाराशे स्वार. सोळाव्या वर्षी पाइक झालेला धोंडजी अठ्ठाविसाव्या वर्षी नाईक, फार तर हवालदार. त्याला थेट महाराजांशी मसलत करायला बसवलं की सगळा हिशेब कोसळतो. कोंढाणा १६७० च्या फेब्रुवारीत घेतला तेव्हा तो अडतीस-एकोणचाळिसाचा, राज्याभिषेकाला त्रेचाळिसाचा. त्याचा मुलगा जिंजीच्या वेढ्यात सापडू शकतो.

बाप पोराला वर्षातून किती दिसतो? पावसाळ्यात फौज मुलखात परतून छावणीला, दसऱ्याला पुन्हा बाहेर, आठ महिने मुलूखगिरी. लष्करात बायका न्यायला सक्त मनाई. त्यामुळे पोरांचे जन्म मागेपुढे एकाच हंगामात येतात. श्रावणात घर गाठलेल्या बापाचं मूल वैशाखाच्या आसपास होतं, ऐन कार्तिकात सहसा नाही. इतकं बारीक कोण बघतं असं वाटेल, पण वाचणारे बघतात.

किरकोळ चुका नेहमीच्याच. न्याहारीत बटाटा, टोमॅटो, चहा. मावळात नाचणी, वरी, भात धरा. एकाच देवकाच्या दोन घरांत सोयरीक. थोरल्या नातवाला आजोबांचं नाव न देणं, आणि द्यायचं तर आजोबा हयात आहेत की नाही हे न पाहणं. तारखांमध्ये सुहूर सनाचा, म्हणजे जुन्या मराठी कागदांवर अरबी शब्दांत लिहिलेल्या वर्षाचा, घोटाळा हमखास होतो. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन निघतो. हे वर्ष मृग नक्षत्राला, पावसाळ्याच्या तोंडाशी बदलतं; त्यानंतरच्या महिन्यांना ५९९ आणि आधीच्यांना ६००. म्हणून नोव्हेंबरातल्या प्रतापगडाच्या कागदावर ‘सितैन अलफ’, म्हणजे १०६०, हवं. मृगाआधीचा हिशेब धरून ‘तिसा खमसैन अलफ’, म्हणजे १०५९, लिहिलं तर वर्ष चुकलं.

आणि अक्षरं. धोंडजीला मोडी वाचता येत असेल असं सहसा धरू नये. महजरावर, म्हणजे गोतसभेच्या निवाड्याच्या कागदावर, गावच्या लोकांची नावं कुलकर्णी लिहायचा आणि प्रत्येकाने पुढे आपली निशाणी करायची. कुणब्याची आणि पाटलाची निशाणी नांगर, सुताराची त्याचं हत्यार. उपरी झालेल्या बापाला पुन्हा कुठल्या महजरावर नांगर काढायला मिळाला का, एवढं ठरवलं की त्या घराचं उरलेलं चित्र आपोआप जागेवर येतं.