नाशिकची लाल वाइन आणि एका शब्दाचा गुंता

ठाण्याहून आग्रा महामार्गाने कसारा घाट चढून गेल्यावर जो द्राक्षपट्टा लागतो, तिथली खाण्याची द्राक्षे जुनी आणि वाइनची त्या मानाने नवी आहेत. 1980 च्या दशकात नारायणगाव आणि नाशिक परिसरात फेसाळत्या वाइनचे प्रयोग झाले होते. शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यो या लाल वाइनच्या जातींची लागवड मात्र 2000 सालाच्या आगेमागे जोर धरू लागली.

नाशिक साधारण 20 अक्षांशावर आहे. थंड देशांत हिवाळ्यात वेली सुप्तावस्थेत जातात, तशा त्या येथे जात नाहीत. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची आणि पावसाळा सरताना गोडी छाटणी करून घड धरायचा, असा दोन छाटण्यांचा आणि एकाच पिकाचा क्रम बसला आहे. उष्ण हवेत मण्यांतील साखर झपाट्याने चढते आणि आम्लता उतरते. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवरील हिवाळी रात्रींचा गारवा ही घसरण थोडीफार रोखतो, आणि उन्हाळा तापण्यापूर्वी तोडणी उरकावी लागते.

फेब्रुवारीत वाशीच्या फळबाजारात थॉमसन या खाण्याच्या द्राक्षांच्या पेट्या येतात, शिराझच्या येत नाहीत. तिचे मणी लहान, जाड सालीचे आणि बियांचे असतात, ते खायला कोणी घेत नाही; त्यामुळे बागायतदाराला वाइनरीखेरीज गिऱ्हाईक नाही. 2008 नंतरच्या मंदीत वाइनऱ्यांनी माल उचलणे कमी केले, तेव्हा अनेकांनी या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. पुढे 2022 साली सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्यावरून जो वाद झाला, त्यात या नुकसानीचा उल्लेख क्वचितच झाला.

त्या वादाचे मूळ ‘वाइन’ या शब्दातच आहे. राज्याने 2001 साली जे धोरण आणले, त्याचे नावच द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण असे होते. त्यात राज्यातील द्राक्षांपासून केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि विंचूर व पलूस येथे वाइन पार्क उभे करण्याचे ठरले. या भाषेत वाइन हा शेतमालावरील प्रक्रियेचा पदार्थ होता. 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या भाषेत ती मद्यच होती आणि आजही आहे. तिसरी भाषा रस्त्यावरची. ठाण्यात स्टेशनबाहेर ‘वाइन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात व्हिस्की, रम, व्होडका यांचाच खप असतो, आणि ‘बिअर शॉपी’ म्हणवणाऱ्या दुकानाच्या परवान्यात मात्र बिअरबरोबर वाइनही बसते. पाटीवरच इतका घोळ असताना चर्चा सरळ होणे अवघडच होते.

27 जानेवारी 2022 रोजी मंत्रिमंडळाने 100 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र बंद कपाटातून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. शाळा आणि प्रार्थनास्थळांजवळील दुकाने त्यातून वगळली होती, तसेच दारूबंदी असलेले जिल्हेही. घोडबंदर रस्त्यावरील किंवा वाशी-नेरूळमधील मोठी दुकाने या व्याख्येत सहज बसत होती, कोपऱ्यावरचा वाणी बसत नव्हता. तरीही ‘किराणा दुकानात दारू’ हेच शब्द सर्वत्र गाजले. समर्थकांचे ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे विधानही तितकेच सोयीचे होते, कारण साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असलेल्या पेयाला दारू न म्हणणे हा प्रचार झाला. शेतकऱ्याच्या हिताचा मुद्दा त्याहून भक्कम होता आणि तोच पुढे करायला हवा होता. एका ज्येष्ठ समाजसेवकाने उपोषणाचा इशारा दिला, विरोधी पक्ष आक्रमक झाला, आणि सरकारने नागरिकांच्या हरकती व सूचना मागवल्या. त्याच वर्षी जूनअखेर सरकार बदलले आणि निर्णयाची अंमलबजावणी झाली नाही.

दरम्यान ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.