मोकळी लहर आणि राखीव लहर: मेट्रोला नेमकी कोणती हवी?

संध्याकाळी साडेसहाला घाटकोपर स्टेशनच्या पुलावरून गर्दीतून चालत असताना कानातलं ब्लूटूथचं गाणं अडखळायला लागतं. फोन खिशातच आहे, बॅटरी भरलेली आहे, फोन आणि कान यांत जेमतेम हातभर अंतर आहे. तरी गाणं तुटतं, कारण आजूबाजूच्या शेकडो खिशांतून त्याच लहरींवर गलका चालू असतो. ब्लूटूथ, वायफाय, वायरलेस माउस असे सगळे २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच पट्ट्यात दाटीवाटीने बसलेले असतात. गाणं तुटल्याने कोणाचं काही अडत नाही. पण जगातल्या कितीतरी मेट्रोंचे सिग्नल याच पट्ट्यावर बेतलेले आहेत.

रेडिओवरून सिग्नल देण्याच्या मेट्रोच्या या पद्धतीला सीबीटीसी म्हणतात. जुन्या पद्धतीत रुळांचे ठरावीक तुकडे पाडलेले असतात आणि एका तुकड्यात एकच गाडी सोडतात. सीबीटीसीत गाडी रेडिओवरून सतत सांगत राहते की मी इथे आहे, माझा वेग इतका आहे. रुळांलगतच्या यंत्रणेतला संगणक उलट कळवतो की अमुक ठिकाणापर्यंत खुशाल ये. त्यामुळे दोन गाड्यांमधलं अंतर दीड-दोन मिनिटांपर्यंत खाली आणता येतं. दिल्लीच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकाविना गाडी धावते, तीही याच संवादाच्या भरवशावर. हा संवाद काही सेकंद तुटला की गाडी आपणहून ब्रेक लावते. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत सुमारे ६७ मीटर पुढे जाते, म्हणजे सहा डब्यांच्या मेट्रोच्या साधारण निम्मी लांबी. एवढं अंतर तिला डोळे मिटून जाऊ देता येत नाही. रेडिओत गोंधळ झाला तर गाड्या आदळतील ही भीती म्हणूनच चुकीची आहे. गाड्या थांबतात. पण ऐन गर्दीच्या वेळी बोगद्यात एक गाडी थांबली की मागची सगळी रांग थांबते, आणि त्या डब्यात आपली माणसं उभी असतात.

मोकळ्या आणि राखीव लहरींची गल्लत इथेच होते. लहर ती लहर, असं आपल्याला वाटतं. पण मोकळी, म्हणजे परवानामुक्त, लहर गावच्या गायरानासारखी आहे. कोणीही यावं, परवानगी नको, लिलाव नको, पैसे नकोत. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा असाच खुला आहे. अट एवढीच की दुसऱ्याला उपद्रव द्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा उपद्रव झाला तर दाद मागायची नाही. ही दुसरी अट सार्वजनिक वाहतुकीला जाचते. लाखो प्रवाशांची जबाबदारी असलेली मेट्रो आणि कोणाच्या तरी खिशातला हॉटस्पॉट यांचा हक्क कायद्याने सारखाच ठरतो. राखीव लहरीचा मात्र सातबारा आपल्या नावावर असतो. तिथे कोणी घुसलं तर तक्रार करता येते, आणि सरकारला ती निवारावी लागते.

हा फरक २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये चीनच्या शेनझेन शहरात दिसला. तिथल्या मेट्रोच्या गाड्या धावता धावता अचानक थांबू लागल्या. प्रवाशांकडे असलेल्या, खिशात मावणाऱ्या वायफाय उपकरणांच्या लहरी सिग्नलच्या संवादात मिसळत होत्या. यात प्रवाशांची काही चूक नव्हती, ते आपला हक्कच वापरत होते. पुढे २०१५ मध्ये चीनने १७८५ ते १८०५ मेगाहर्ट्झचा पट्टा शहरी रेल्वेसारख्या सेवांच्या खासगी जाळ्यांसाठी नेमून दिला. त्यातही वीज आणि तेल क्षेत्र वाटेकरी आहेतच.

मग मेट्रोवाले गायरानात गेलेच कशाला? उपकरणं बाजारात तयार आणि स्वस्त मिळत होती, आणि सरकारदरबारी वर्षानुवर्षं खेटे घालावे लागत नव्हते. अभियंत्यांनी ही जागा निगुतीने सांभाळलीही आहे. गाडीच्या दोन्ही टोकांना वेगवेगळे रेडिओ बसवले, बोगद्यात लहर झिरपवणारी केबल टाकली, एक चॅनल बिघडला तर दुसऱ्यावर उडी मारण्याची सोय केली. अनेक शहरांत हे वर्षानुवर्षं सुरळीत चालू आहे. त्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण दरवर्षी प्रवाशांच्या खिशातली उपकरणं वाढत जातात, आणि गायरान तेवढंच राहतं.

राखीव म्हणजे ऐसपैस, असाही एक समज आहे. प्रत्यक्षात उलटं आहे. २.४ गिगाहर्ट्झचा मोकळा पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झ रुंद आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने भारतीय रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जे दिलं, ते होतं फक्त ५ मेगाहर्ट्झ. त्यावर एलटीई, म्हणजे फोरजी मोबाइलच्या तंत्राचं, जाळं उभारण्याचा अंदाजित खर्च मात्र २५ हजार कोटींच्या वर. या पट्ट्याची लहर लांब पल्ल्याची असते, त्यामुळे मनोरे दूर दूर ठेवले तरी चालतात. उघड्या माळावरून जाणाऱ्या रुळांना ते सोयीचं आहे. अडचण येते ती मोठ्या स्थानकांत. नुसत्या सीएसएमटीला १८ फलाट आहेत, म्हणजे एकाच वेळी कितीतरी गाड्या त्याच पट्ट्यावर बोलणार. गाडीची जागा आणि वेग कळवणारा संदेश इवलासा असतो, तो सहज मावतो. पण चालकाचं नियंत्रण कक्षाशी बोलणं आणि डब्यांतल्या कॅमेऱ्यांची चित्रं त्याच पाच मेगाहर्ट्झमधून न्यायची म्हटलं, तर चित्रंच सगळी जागा खातात. म्हणून अशा जाळ्यात कोणता संदेश आधी जाईल याचा क्रम लावलेला असतो. सिग्नल पुढे, चित्र मागे. मोकळ्या पट्ट्यात मेट्रो स्वतःच्या संदेशांचा क्रम लावू शकते, शेजारच्या हॉटस्पॉटला मागे थांबवू शकत नाही.

लहरीची सोय आधी झाली नाही तर काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. १२ सप्टेंबर २००८ ला कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थजवळ प्रवासी गाडी आणि मालगाडी समोरासमोर धडकून २५ जण दगावले. पुढच्याच महिन्यात संसदेने गाडी आपोआप थांबवणारी यंत्रणा सक्तीची केली. त्या यंत्रणेसाठी लागणारी लहर मात्र राखून दिली नाही. लोकलसारख्या उपनगरी सेवांना २२० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला तुकडा ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून विकत किंवा भाड्याने घ्यावा लागला. २०१५ ची मुदत हुकली, त्यात लहरींचा हा शोधही एक कारण होता. काम पुरं व्हायला २०२० चा डिसेंबर उजाडला.

टक्कर टाळण्यासाठी गाडीला आपोआप ब्रेक लावणारी आपल्या रेल्वेची ‘कवच’ यंत्रणा सध्या यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या) रेडिओवर चालते, पुढे ती एलटीईवर नेण्याची दिशा आहे. तिच्यासाठी रुळांशेजारी ४० मीटर उंचीचे मनोरे उभे राहत आहेत. खिडकीतून ते हुबेहूब मोबाइल टॉवरसारखे दिसतात. पण आपल्या फोनची रेंज गेली तरी त्या मनोऱ्याचं गाडीशी बोलणं चालूच असतं.