‘व्हिडिओड्रोम’ आणि ‘द फ्लाय’: मधल्या तीन वर्षांत काय बदललं

कॅनडाचा दिग्दर्शक डेव्हिड क्रोनेनबर्ग याच्या ‘व्हिडिओड्रोम’ (१९८३) आणि ‘द फ्लाय’ (१९८६) यांची तुलना निघाली की ‘पहिला डोक्याचा, दुसरा काळजाचा’ असं म्हणून विषय मिटवला जातो. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. दोन्ही सिनेमे टोरांटो परिसरातच घडले. कॅमेरामन मार्क आयर्विन, संगीतकार हॉवर्ड शोअर, कलाविभागातल्या कॅरोल स्पायर ही मंडळीही दोन्हीकडे तीच. बदलली ती पैशाची वाट, आणि मेकअप आणि यंत्रांनी पडद्यावर शरीर बिघडवणाऱ्या कारागिरांना पटकथा किती पक्की मिळाली ही गोष्ट.

कॅनडात १९७४ पासून देशी सिनेमात घातलेली रक्कम करपात्र उत्पन्नातून शंभर टक्के वजा करता येऊ लागली. डॉक्टर, दंतवैद्य, वकील यांचा पैसा सिनेमाकडे वळला; अट एवढीच की खर्च ३१ डिसेंबरच्या आत दिसायला हवा. म्हणून हिवाळा तोंडावर आला की चित्रीकरणाची घाई सुटायची आणि पटकथा अर्धीकच्ची राहायची. ‘स्कॅनर्स’ या आधीच्या सिनेमाच्या वेळी क्रोनेनबर्ग पहाटे उठून त्या दिवसाची पानं लिहीत होता. ‘व्हिडिओड्रोम’चं चित्रीकरण १९८१ च्या शरदात सुरू झालं, तेव्हा शेवट काय करायचा हेच ठरलेलं नव्हतं.

कल्पना मात्र जुनी होती. लहानपणी, कॅनडाची केंद्रं रात्री बंद झाली की अमेरिकेतल्या बफेलोहून भरकटत येणारे सिग्नल तो टीव्हीवर पकडायचा. आपण पाहू नये असं काही दिसलं तर, ही धास्ती तिथली. सिनेमाचा नायक मॅक्स रेन एक छोटं टीव्ही चॅनल चालवतो; एका हिंसक कार्यक्रमाच्या नादात त्याला भ्रम होऊ लागतात आणि पोटात कॅसेट घालण्याची फट उघडते. त्याचं चॅनल टोरांटोच्या सिटीटीव्ही या केंद्रावरून सुचलेलं, तर त्यातले प्रोफेसर ओब्लिव्हियन हे माध्यमतज्ज्ञ मार्शल मॅकलुहान यांचं तिरकस चित्र.

अशा पटकथेवर मेकअपप्रमुख रिक बेकरला प्रत्येक चमत्कार सुटा बांधावा लागला. श्वास घेणाऱ्या टीव्हीसाठी काचेच्या जागी दंतवैद्य वापरतात तसलं पातळ रबर ताणलं आणि मागून व्हिडिओ प्रोजेक्टरने चित्र टाकलं. टीव्हीचा डबा फुगवायला फ्रँक करेरने हवेच्या झडपा पियानोसारख्या पट्ट्यांना जोडल्या आणि त्या स्वतः वाजवल्या. पोटातल्या फटीसाठी मॅक्सचं काम करणाऱ्या जेम्स वुड्सला सोफ्यात खोचून बसवलं. दिसतं ते पोट पुढे चिकटवलेलं खोटं धड. कॅसेट आकाराने लहान अशी बीटामॅक्स आहे, कारण तेव्हाची दुसऱ्या प्रकारची, मोठी व्हीएचएस कॅसेट त्या फटीत मावत नव्हती! आणखी एक अडचण साध्या हिशेबाची: अमेरिकी टीव्ही सेकंदाला ३० चौकटी दाखवतो, सिनेमाचा कॅमेरा २४ टिपतो, त्यामुळे पडद्यावर काळा पट्टा सरकतो. व्हिडिओचं काम पाहणाऱ्या मायकेल लेनिकने टीव्हीवरचं चित्रच २४ वर आणून तो घालवला.

सुट्या चमत्कारांमुळे मॅक्सची फट एका दृश्यात उघडते, पुढच्यात नसते. भ्रम असल्यामुळे ते खपतं, किंबहुना शोभतं. तिकीटबारीवर मात्र सिनेमा आपटला: सुमारे ६० लाख डॉलर खर्च आणि अमेरिकेत जेमतेम २१ लाखांची कमाई.

‘द फ्लाय’ची गोष्ट उलटी. यात ब्रंडल (जेफ गोल्डब्लम) हा शास्त्रज्ञ एका पेटीतून, म्हणजे टेलिपॉडमधून, दुसऱ्या पेटीत वस्तू पाठवणारं यंत्र बनवतो. स्वतःवर प्रयोग करताना एक माशी सोबत आत शिरते आणि तो हळूहळू माशी होत जातो. मूळ कथा जॉर्ज लँगलानची, १९५७ ची. १९५८ मध्ये तिच्यावर सिनेमाही आला होता, ज्यात माणसाला थेट माशीचं डोकं येतं. नव्या सिनेमामागे हॉलिवूडच्या मेल ब्रुक्सची कंपनी होती आणि चार्ल्स एडवर्ड पोगची पटकथा आधीच तयार होती. क्रोनेनबर्गने ती बरीच बदलली, तरी बदल हळूहळू व्हायचा हा पोगचा गाभा राखला. आता शरीराला वेळापत्रक मिळालं.

मेकअपप्रमुख ख्रिस वॉलसच्या चमूने आधी शेवटचा प्राणी ठरवला, मग तिथून मागे येत सात टप्पे आखले. सुरुवातीला नुसता रंगवलेला पुरळ. मग चेहऱ्यावर, हातापायांवर तुकडे, टक्कल पडत चाललेले टोप, वाकडे दात. पुढे फोम लॅटेक्सचे अंगभर पोशाख. शेवटी माणूस नाहीच, बाहुलं. फोम लॅटेक्स म्हणजे रबराचा चीक फेटून साच्यात ओतायचा आणि मंद आचेवर भाजायचा. त्याची कड कागदाहून पातळ हवी, नाहीतर सांधा दिसतो. ती काढताना फाटतेच, म्हणून दर दिवशी नवा तुकडा लागतो. जेफ गोल्डब्लमच्या पुढच्या टप्प्यांच्या मेकअपला सुमारे पाच तास लागत. अन्नावर ओकतो तो द्रव मध, अंडी आणि दुधाचा. छतावर चालण्यासाठी अख्खी खोलीच फिरवली. टेलिपॉडचा आकार क्रोनेनबर्गच्या डुकाटी मोटरसायकलच्या सिलिंडरवरून घेतला. वॉलस आणि स्टेफान ड्युपुई यांना मेकअपचं ऑस्कर मिळालं, ते या सलगपणाचं आहे असं आम्हाला वाटतं. एकेकट्या कल्पनेत ‘व्हिडिओड्रोम’च सरस.

सलगपणाची किंमतही होती. ब्रंडल माकड आणि मांजर एकत्र जोडतो आणि त्या जीवाला ठेचून मारतो, असं दृश्य चित्रित झालं होतं. टोरांटोतल्या चाचणी खेळात त्यानंतर प्रेक्षकांची त्याच्यावरची माया आटली आणि दृश्य कापलं गेलं. चौथ्या टप्प्याचा एक वेगळा मेकअप फक्त त्याच दृश्यासाठी होता. तोही त्याबरोबर गेला.