इलेक्ट्रिक प्रेशर कुकर वापरताना: शिट्ट्या नव्हे, मिनिटं मोजा

सप्रेम नमस्कार,

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या दुकानातून इलेक्ट्रिक प्रेशर कुकर घरी गेला की पहिल्या एकदोन दिवसांतच फोन येतो. तक्रार बहुधा एकच असते: "दहा मिनिटं लावलीत, पण आकडा खाली उतरतच नाही. बिघडलाय का?"

बिघडलेला नसतो. पडद्यावरची मिनिटं सुरू होतात ती आत पूर्ण दाब तयार झाल्यावर. त्याआधी पाणी तापून वाफ धरायला ८ ते १५ मिनिटं जातात. भांडं जितकं भरलेलं, तितका वेळ जास्त. या काळात झाकणावरच्या पिनेभोवती थोडी वाफ फुसफुसते, मग पिन वर उचलली जाते आणि फुसफुस थांबते. पिन वर आली म्हणजे कुकरने वाफ धरली. शिट्टी मात्र होणार नाही, तिची वाट पाहू नका.

"तीन शिट्ट्या म्हणजे किती मिनिटं?" हाही नेहमीचा प्रश्न. याचं ठरावीक उत्तर नाही, कारण शिट्टी किती वेळाने होते हे गॅसच्या आचेवर आणि कुकरच्या आकारावर ठरतं. एक गोष्ट मात्र सांगता येते. गॅसवरच्या आपल्या कुकरात दाब साधारण १०० किलोपास्कल आणि आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास असतं. बहुतेक इलेक्ट्रिक कुकर ७० ते ८० किलोपास्कलवर चालतात, म्हणजे ११५ ते ११७ अंश. त्यामुळे तीच डाळ इथे थोडा जास्त वेळ मागते. फक्त वरण-भातापुरतं पाहिलं तर वेळ वाचतो असं आम्ही सांगणार नाही. वाचतं ते लक्ष. एकदा लावला की ओट्यापाशी उभं राहावं लागत नाही.

वरण-भात लावताना

आपल्याकडे कुकर लावणं म्हणजे डबे लावणं. इलेक्ट्रिक कुकरातही तसंच करा, तेच सगळ्यात सोयीचं. आतल्या भांड्यात दीड वाटी पाणी घाला, जाळी ठेवा. खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली एक वाटी तूरडाळ, दोन वाट्या पाणी, हळद, हिंग आणि तेलाचा थेंब. वरच्या डब्यात एक वाटी कोलम आणि पावणेदोन वाट्या पाणी. तांदूळ जुना असेल तर पूर्ण दोन. वरच्या डब्यावर ताटली ठेवा. डब्यांच्या कडेने बोटभर जागा राहिली पाहिजे, नाहीतर वाफ फिरत नाही आणि भात मधोमध कच्चा राहतो. पूर्ण दाबावर १० मिनिटं द्या आणि नंतर वाफ आपोआप जिरू द्या.

डबे न लावता भात थेट आतल्या भांड्यात करायचा असेल तर पाणी कमी लागतं, कारण एकदा वाफ धरली की ती बाहेर जात नाही. बासमतीला वाटीस वाटी पाणी पुरतं. कोलमला दीड वाटीपासून सुरुवात करा आणि घरच्यांना मऊ आवडतो की मोकळा, ते पाहून पुढच्या वेळी ठरवा. भांडं दोन तृतीयांशाच्या वर कधीही भरू नका. डाळी, कडधान्यं आणि तांदूळ फुगतात, फेसाळतात, म्हणून ते निम्म्यापर्यंतच.

झाकण उघडताना

हा भाग कृपया घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा, स्वयंपाकाच्या मावशींनाही.

पिन वर असेपर्यंत झाकण फिरत नाही. ते मुद्दामच तसं केलेलं आहे. फिरत नाही म्हणून जोर लावू नका, चमच्याने पिन दाबू नका. डाळ, भात, आमटी, खीर यांची वाफ घाईने सोडली तर झाकणावरच्या वाफ सोडायच्या व्हॉल्व्हमधून फेसाळ गरम पाणी उडतं, हातावर येतं आणि भिंतीवरही. त्यांना १० ते १५ मिनिटं तसंच राहू द्या. पालेभाजी किंवा मोड आलेले मूग जास्त शिजू नयेत म्हणून वाफ लगेच सोडावी लागते, तेव्हा लांब दांड्याच्या चमच्याने व्हॉल्व्ह सरकवा आणि चेहरा बाजूला ठेवा. व्हॉल्व्हवर फडकं टाकू नका.

कुकर वरच्या कपाटाखाली ठेवून वाफ सोडली तर मॉड्युलर किचनचं लॅमिनेट काही महिन्यांत फुगतं. खिडकीजवळची जागा निवडा. आणि जागा नाही म्हणून तो गॅसच्या शेगडीवर ठेवू नका. कुणी चुकून बर्नर पेटवला तर खालचं प्लास्टिक वितळेल.

दाबाखाली न करायचे पदार्थ

गणपतीत उकडीचे मोदक यात छान होतात, पण व्हॉल्व्ह उघडा ठेवून, नुसत्या वाफेवर, १० ते १२ मिनिटं. दाब न धरल्यामुळे काही मॉडेलचं घड्याळ सुरूच होत नाही, म्हणून मोबाइलवर वेळ लावा. इडली, ढोकळा यांनाही हाच नियम. वालाच्या बिरड्याच्या सोललेल्या डाळिंब्या दाबाखाली फुटून त्यांचं पिठलं होतं. फोडणीच्या मोडवर झाकण अर्धवट ठेवून शिजवा. बांगडा, पापलेटही तसेच.

राजमा मात्र उलटा. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात पूर्ण दाबावर साधारण २५ मिनिटं. कच्चा राजमा मंद आचेच्या म्हणजे स्लो कुक मोडवर लावू नका. त्यातला विषारी घटक नीट उकळल्याशिवाय जात नाही आणि उलट्या-जुलाब होतात.

फोडणी आतल्या भांड्यातच केली असेल तर पाणी घालून तळाला चिकटलेला मसाला लाकडी उलथन्याने पूर्ण सोडवा. पडद्यावर जळण्याची सूचना येते ती बहुधा यामुळेच.

वीज

१००० वॅटचा कुकर २३० व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आत वीज घेतो, त्यामुळे ६ अँपिअरचा चांगला सॉकेट चालतो. मल्टिप्लगवर मिक्सरसोबत मात्र लावू नका. जुन्या इमारतींत अर्थिंग आहे का ते आधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि प्लगची तिसरी पिन कधीही मोडू नका. एका वेळच्या वरण-भाताला साधारण पाव ते अर्धा युनिट लागतं, कारण वाफ धरल्यावर कॉइल सतत चालू नसते. मध्येच लाईट गेली तर आत दाब असतोच, झाकणाला हात लावू नका. लाईट आल्यावर काही मॉडेल पुढे चालू होतात, काही थांबून राहतात, तेव्हा पडदा पाहा.

सकाळी लोकल पकडण्याआधी उशिरा सुरू होण्याचं टायमर लावून जाणारे बरेच आहेत. भिजवलेल्या छोल्यांना दोन-तीन तास ठीक. दूध, मटण, चिकन आपल्याकडच्या दमट उकाड्यात तसं ठेवू नका. भातही शिजल्यावर बंद कुकरात दिवसभर राहू देऊ नका. गरम ठेवण्याच्या मोडवर ठेवा किंवा काढून लवकर फ्रिजमध्ये.

निगा

आतलं भांडं ठेवण्याआधी त्याची बाहेरची बाजू कोरडी पुसा. भांडं आत न ठेवताच तांदूळ-पाणी ओतलं जाणं, ही दुरुस्तीला येणाऱ्या कुकरांची नेहमीची गोष्ट आहे. असं झालं तर प्लग काढा, उलटा करू नका, तसाच आमच्याकडे आणा. घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तिथे भांड्यावर पांढरे डाग धरतात, ते लिंबाच्या पाण्याने जातात. झाकणाची सिलिकॉन रिंग प्रत्येक वेळी काढून धुवा. मटणाचा वास तिला चिकटतोच, म्हणून शाकाहारी स्वयंपाकासाठी आणि गोडासाठी दुसरी रिंग ठेवलेली बरी. रिंग सैल झाली, तडकली की वाफ धरत नाही. नवीन घ्यायला येताना जुनी सोबत आणा, कारण लिटरचा आकडा तोच असला तरी कंपनीगणिक रिंगचं माप वेगळं असतं.